ओल्या कातड्याची शिवण

नूक, ग्रीनलंड, ९ जुलै

सकाळ जुन्या बंदराजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. कयाकचा उघडा सांगाडा निरखून पाहिला. होडीजोगं लाकूड या किनाऱ्यावर उगवत नाही. सैबेरियाच्या नद्यांनी समुद्रात लोटलेले ओंडके बर्फासोबत वाहत येतात, त्यांतूनच हे काम उभं राहिलं. खिळा कुठेच नाही; लाकडी खुंट्या आणि चामड्याच्या वाद्या. म्हणून लाटेबरोबर सांगाडा लवतो, तुटत नाही. मापं शिकाऱ्याच्या अंगावरूनच घ्यायची. लांबी त्याच्या हातांच्या वावेत, बैठकीचं तोंड त्याच्या कमरेपुरतं.

१० जुलै

काल रात्रभर शिवणीचाच विचार. सांगाडा पुरुषांनी बांधायचा, पण त्यावर सीलचं कातडं चढवायचं काम बायकांचं. कातडं ओलं असतानाच ताणून शिवायचं. वाळलं की ते आवळून बसतं. त्यामुळे चार-पाच जणी एकदम बसत आणि एका दमात काम उरकत. धागा प्राण्याच्या स्नायूतंतूंचा. सुई कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून काढायची, आरपार भोक पडू द्यायचं नाही, वर शिवण दुहेरी. एक टाका चुकला तर पाणी आत, आणि त्या पाण्यात माणूस फार वेळ जगत नाही. हार्पून फेकणाऱ्याच्या शौर्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याचा जीव ज्या टाक्यांवर तरंगत होता, त्यांच्यावर फारच थोडं.

पुन्हा संग्रहालयात गेले. ग्रीनलंडमधल्याच किलाकित्सोकला १९७२ साली सापडलेले देह इथे आहेत. एकूण आठ जण होते, सहा स्त्रिया आणि दोन मुलं, सुमारे १४७५च्या काळातले. अंगावर सीलच्या आणि पक्ष्यांच्या कातड्याचे कपडे. पाचशे वर्षांनंतरही शिवण धड आहे. बराच वेळ तिथून हलवेना.

१२ जुलै

बंदरात काही तरुण सराव करत होते. अंगात टुइलिक, म्हणजे टोपीसकट अंगरखा; चेहऱ्याशी, मनगटाशी आणि बैठकीच्या कडेला आवळलेला. माणूस आणि होडी एकच. कयाक उलटते, क्षणभर फक्त तळ दिसतो, आणि वल्ह्याच्या एका झोकात तो पुन्हा वर. वल्हं हरवलं तर? नुसत्या हातानंही वर येतात. १९८५ साली ग्रीनलंडच्या कयाक मंडळांचा महासंघ झाला. त्याच्या स्पर्धांत उलटून सरळ होण्याचे तीसहून अधिक प्रकार असतात.

१३ जुलै

उत्तरेकडे कानाकला नॉरवाल हा देवमासा आजही आधी कयाकमधून हातानं हार्पून मारूनच धरतात; बंदूक नंतर. मोटरबोटीच्या आवाजानं तो पळतो. पण आता कयाकवर कातड्याऐवजी बहुधा कॅनव्हास असतो. उलटून वर येण्याची मागे पडलेली विद्या ग्रीनलंडच्या लोकांनी प्रयत्नानं परत मिळवली. ओलं कातडं शिवण्याची विद्याही तितक्याच आग्रहानं मुलींना आणि मुलांनाही शिकवायला हवी.