लाल कड

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या रानात विहीर पाडली. शाळा सुटली की मी काठावर पालथा पडून आत बघत बसायचो. वर पुरुषभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग कुदळीला दाद देणारा मऊ खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा दगड. ज्या रानात आम्ही ज्वारी पेरायचो त्याच्या पोटात एवढं सगळं होतं आणि ते त्या उभ्या भिंतीत थरावर थर दिसत होतं. विहिरीला पाणी लागल्यावर सगळे आनंदले. मला मात्र खालचे थर बुडाले याचं वाईट वाटलं होतं.

पुढे त्याच विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसलं आणि त्या इंजिनानं मला आयटीआयपर्यंत नेलं. आधी डिझेल मेकॅनिकचा विद्यार्थी, मग त्याच ट्रेडचा निदेशक. कार्यशाळेत ज्या वस्तूजवळ मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो ती म्हणजे कट सेक्शन. खरं इंजिन, पण एका बाजूनं कापलेलं. सिलिंडर उघडा, पिस्टन दिसतोय, हँडल फिरवलं की व्हॉल्व्ह वर-खाली होतात. फळ्यावर तासभर चार स्ट्रोक समजावून जे पोराला कळत नाही ते हँडलच्या दोन फेऱ्यांत कळतं.

कट सेक्शन करणाऱ्यांचा एक रिवाज आहे. जिथं धातू कापला ती कड लाल रंगवायची. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही कड यंत्रात नाही, ती आपण केली आहे. बाकी सगळं जसं आहे तसं, आणि लाल दिसेल तिथं माणसाचा हात लागला असं समजायचं. नोकरीत मी पाच कट सेक्शन केले: दोन इंजिनं, एक गिअरबॉक्स, एक फ्युएल पंप, एक डिफरन्शियल. कुठं कापायचं हे ठरवायला जेवढे दिवस लागले तेवढे कापायला कधीच लागले नाहीत.

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात राहून पाणबुडीचा नाद कसा लागला, असं मला नेहमी विचारतात. आमच्या जिल्ह्यातला समुद्र म्हणजे कंधारचा जगत्तुंग समुद्र, राष्ट्रकूटांच्या काळात बांधलेला तलाव. खरा समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. पण 14 डिसेंबर 2017 ला मुंबईत आयएनएस कलवरी नौदलात दाखल झाली, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, आणि त्या दिवशी टीव्हीवर तिची माहिती ऐकताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. आत डिझेल इंजिनं. त्यांच्यावर चार्ज होणाऱ्या 360 बॅटऱ्या, एकेक साडेसातशे किलोची. पाण्याखाली गेल्यावर इंजिन बंद आणि सगळा कारभार बॅटरीवर. लोडशेडिंगच्या काळात आमच्या घरात इन्व्हर्टर करतो तेच काम, फक्त साडेसदुसष्ट मीटर लांबीच्या लोखंडी नळीत आणि त्रेचाळीसेक माणसांचा जीव त्यावर टांगलेला. मला वाटलं, हा तर आपलाच ट्रेड आहे. याचा कट सेक्शन पाहिजे, निदान मॉडेलचा तरी.

शोधायला लागलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की कलवरीचं पोट आपल्याला दिसणार नाही, आणि दिसू नये हेच बरोबर आहे. ऑगस्ट 2016 मध्ये, कलवरी ज्या स्कॉर्पीन वर्गातली आहे त्याच्या गुप्त माहितीची बावीस हजारांवर पानं फुटली आणि एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रात त्यांची बातमी आली, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती ते आठवतं. पाणबुडीचं सगळं बळ तिच्या न दिसण्यात असतं. अमेरिकेत 1961 साली तर अणुपाणबुड्यांचे जनक रिकोव्हर यांनी चक्क एका प्लॅस्टिकच्या किटबद्दल तक्रार केली होती. पोलारिस क्षेपणास्त्रांच्या पाणबुडीचं, आतले मजले दाखवणारं ते किट 2.98 डॉलरला दुकानात मिळत होतं, आणि शत्रूला लाखो डॉलरची माहिती त्यात फुकट मिळते असं त्यांचं म्हणणं. मॉडेल बनवणाऱ्यांना ही हकिकत अभिमानाची वाटते. मला तिच्यातून नेमकी अडचण कळली: जी पाणबुडी आतून दाखवता येते ती जुनी झालेली असते, किंवा हरलेली.

म्हणून पाणबुडीच्या मोठ्या, आतून सविस्तर मॉडेलच्या शोधात निघालेला माणूस शेवटी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटींपाशी येऊन थांबतो. त्यांची रेखाटनं उपलब्ध आहेत. जर्मनीत लाबो इथं किनाऱ्यावर यू-995 अख्खी उभी आहे, आत चालत जाता येतं.

आता मापाचं सांगतो, कारण नवीन माणूस इथंच फसतो. खोक्यावरचं चित्र बघून किट घेऊ नये. खऱ्या पाणबुडीची लांबी मीटरमध्ये घ्यायची, शंभरनं गुणायची आणि प्रमाणानं भागायची, म्हणजे मॉडेलची लांबी सेंटिमीटरमध्ये येते. सातव्या प्रकारातली 'सी' उपप्रकाराची यू-बोट 67.1 मीटरची. 1:144 ला ती साडेसेहेचाळीस सेंटिमीटर, 1:72 ला त्र्याण्णव, 1:48 ला एक मीटर चाळीस. पण त्याहून महत्त्वाचा माणूस. पावणेसहा फुटी गडी 1:144 ला जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा होतो, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. त्या मापात झोपायचा बंक म्हणजे रेघ आणि व्हॉल्व्हचं चाक म्हणजे ठिपका. 1:48 ला तोच माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो आणि त्याच्या हाताला चाक देता येतं. कट सेक्शनमध्ये माणूस कुठं बसेल, कुठं वाकेल हे दिसलं नाही तर कापून उपयोग काय?

रेव्हेलचं 1:72 चं किट देखणं आहे, पण ते बाहेरून. त्याच कंपनीचं 1:144 मधलं एकविसाव्या प्रकारच्या यू-बोटीचं किट आतल्या भागासह येतं, लांबी त्रेपन्न सेंटिमीटर. सुरुवात करणाऱ्यानं ते घ्यावं. माझं मन बसलं ते ट्रम्पेटरच्या 1:48 च्या यू-552 वर. आतला सगळा भाग आणि एका बाजूचं कवच पारदर्शक. घेण्याआधी मी त्याचं सूचनापत्रक मिळवून दोन वेळा वाचलं आणि किती पायऱ्या कवचाच्या आतल्या कामाच्या आहेत ते मोजलं. हे प्रत्येकानं करावं. 'आतल्या भागासह' असं लिहून नुसती पुढची टॉर्पेडोची खोली देणारी किटंही असतात. मग भिंतीवर सुतळी धरून जागा मोजली. कपाटात ती मावणार नव्हती, म्हणून दिवाणाच्या वर फळी ठोकली.

किट पुण्याला पुतण्याच्या पत्त्यावर आलं आणि तिथून नांदेडपर्यंत त्याच्यासोबत. नांदेडहून नायगावला मी ते एसटीनं आणलं. खोकं मागच्या सीटवर आडवं टाकावं लागलं. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडताना म्हणाला, "काय हाय सर ह्याच्यात?" मी सांगितलं, पाणबुडी. त्यानं खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाला, "मग नीट धरा, घाटात नाही पण गतिरोधकावर आदळतीय गाडी."

सात महिने लागले. त्यातले चार फक्त इंजिनखोली आणि मोटारखोलीत गेले, हे माझ्या ट्रेडला साजेसंच झालं. प्रत्येकी सहा सिलिंडरची दोन डिझेल इंजिनं, मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. आमच्या विहिरीवरचं एक इंजिन चालू असलं तरी बोलायला ओरडावं लागायचं. इथं दोन, आणि बंद नळीत. बॅटऱ्या 124, दोन गटांत, फळ्यांच्या खाली. वर माणसं झोपायची, खाली ॲसिड. त्यात समुद्राचं पाणी शिरलं की क्लोरीन वायू. पन्नासेक माणसांना दोन संडास, त्यातला एक मोहिमेच्या सुरुवातीला अन्नसाठ्यानं भरलेला. पुढच्या टॉर्पेडोच्या खोलीत बंक आणि जादा टॉर्पेडो एकाच जागेत. एक गडी पहाऱ्यावर गेला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा. हे सगळं मी आधी वाचलं होतं. पण बंक चिकटवताना चिमट्याचं टोकसुद्धा जिथं फिरत नव्हतं तिथं मला ते पटलं.

ही बोट कुणाची, हे मी विसरलो नाही. 31 ऑक्टोबर 1941 ला अमेरिकेची रुबेन जेम्स ही विनाशिका हिनंच बुडवली. जर्मनीच्या पाणबुड्यांवर गेलेल्या चाळीस हजारांच्या आसपास माणसांपैकी तीन चतुर्थांश परत आली नाहीत. म्हणून मॉडेलवर मी एकही चिन्ह लावलं नाही. किटमधली चिन्हांची पट्टी तशीच पाकिटात आहे. माझ्या फळीवर यंत्र आहे आणि त्यात अडकलेली माणसं आहेत, एवढंच मला दाखवायचं होतं.

पारदर्शक कवचाशी मात्र माझं जमलं नाही. आधी तर माझ्या हातून चूक झाली. सुपरग्लूनं जोड घेतला आणि सकाळी पाहतो तर जोडाच्या बाजूला बोटभर पांढरी वाफ गोठून बसलेली. सुपरग्लूचा वायू काचेसारख्या प्लॅस्टिकवर असा बसतो. तिथं पांढरा फेव्हिकॉलच वापरावा, वेळ लागला तरी तो वाळून स्वच्छ होतो. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून बुडवून घासला, तेव्हा दोन दिवसांनी डाग गेला. पण खरी अडचण पुढं आली. कवच बसवल्यावर त्यात आमच्या खोलीची खिडकी दिसायला लागली, ट्यूबलाइट दिसायला लागली आणि इंजिनं मागं गेली. शिवाय पारदर्शक पाणबुडी हे खोटं आहे. अशी पाणबुडी कुठंच नसते. लोखंड असतं, आणि ते कापल्याशिवाय आत दिसत नाही.

म्हणून मी ते कवच राखाडी रंगवलं आणि कापलं. आठ दिवस पेन्सिलनं रेघा मारल्या, पुसल्या. शेवटी चार जागा ठरल्या: पुढची टॉर्पेडो खोली, नियंत्रण कक्ष, इंजिनखोली आणि मोटारखोली. कॅप्टनचा कोपरा, ज्याला दार नव्हतं, फक्त पडदा होता, तो मी झाकलेलाच ठेवला. बारीक आरीनं कापलं, कानशीनं कड सरळ केली आणि तिला लाल रंग दिला. जुन्या सवयीचा हात होता, पण रंगवताना हात थरथरला. बाहेरून राखाडी अंग आणि त्यात लाल कडेच्या चार खिडक्या. आता कुठं ती कट सेक्शन झाली.

ती झाल्यावर मला आपली पाणबुडी पाहिजे झाली. कलवरी नाही, तर तिच्या आधीच्या पिढीतली. नागावली एक्सप्रेसनं विशाखापट्टणमला गेलो. तिथं किनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा आहे. 18 डिसेंबर 1969 ला रिगा इथं दाखल झालेली, 27 फेब्रुवारी 2001 ला निवृत्त, पुढच्या वर्षीपासून संग्रहालय. फॉक्सट्रॉट वर्गातली, 91.3 मीटर लांब, तीन डिझेल इंजिनं, तीन मोटारी, तीन पंखे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल दार. आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय. मी दोन दिवसांत चार वेळा तिकीट काढून आत गेलो आणि वितीनं मापं घेतली: दाराचा गोल, बंकची लांबी, दोन इंजिनांमधली वाट.

फॉक्सट्रॉटचं आतल्या भागासह मोठं किट मला मिळालं नाही, म्हणून हाती जे होतं त्यातून सुरू केलं. आमच्याकडे रानोरान 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पडलेला असतो. कुरसुराची रुंदी साडेसात मीटर. भागाकार केला तर प्रमाण आलं 1:68. असं प्रमाण कुठल्याही खोक्यावर सापडणार नाही. ते पाइपानं ठरवलं. लांबी एक मीटर चौतीस. पाइप उकळत्या पाण्यात मऊ करून नाळ निमुळती केली. मधल्या भिंती एमडीएफच्या, गोल दारं वॉशरची, व्हॉल्व्हची चाकं जुन्या मनगटी घड्याळांतली, नळ्या वायरमधल्या तांब्याच्या. इंजिनं मी पूर्ण लाकडातून कोरली, तिन्ही.

सात कप्पे आहेत. सहा उघडले, कडा लाल केल्या. फळ्यांच्या खालच्या बॅटऱ्या मात्र मला पाहायला मिळाल्या नाहीत. चित्रांत त्या आहेत, पुस्तकांतून आकडेही काढता येतील, आणि यू-बोटीच्या बॅटऱ्या करून हात बसलाच आहे. दोन वेळा मी तिथं पेन्सिलची रेघ मारली. दोन्ही वेळा पुसली. खालचा पाइप अजून अख्खा आहे, राखाडी, आणि त्यावर लाल रंग नाही.