डोळा मोजत नाही, तुलना करतो
‘टिम्स व्हर्मीर’ (२०१३) हा माहितीपट जरूर पाहा. चित्रकला न शिकलेले टिम जेनिसन छोट्या आरशातलं प्रतिबिंब आणि शेजारचा कॅनव्हास यांचे रंग आरशाची कडा दिसेनाशी होईपर्यंत जुळवतात. व्हर्मीरचं १७व्या शतकातलं ‘द म्युझिक लेसन’ ते असं पुन्हा रंगवतात. व्हर्मीरने हेच केलं याचा पुरावा नाही. पण युक्ती चालते, कारण डोळा शेजारच्या छटांमधला फरक अचूक टिपतो.

मोतीबिंदूने जग हळूहळू पिवळट होतं, तेव्हा ते जाणवत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की रुग्ण विचारतात, “डॉक्टर, भिंत एवढी पांढरी होती?” आता तुलनेला दुसरा डोळा असतो.

तुम्हीही एकेक डोळा झाकून पाहा. फरक वाटला तर लगेच दाखवा. नाही वाटला, तरी चाळिशीनंतर तपासणी हवीच. दोन्ही डोळे सारखेच मंदावले, तर तुलना कशाशी करणार?