रजेचं कारण : साप

रजेच्या अर्जात ‘कारण’ या रकान्यात मी खरंखुरं लिहिलं होतं : साप बघायला जातोय. बॉसने हसून सही केली. पोरगं गोव्याला चाललंय, असं त्याला वाटलं असणार. मी मात्र ऑगस्टमधले दहा दिवस जैसलमेरजवळच्या वाळवंटात, सापांवर काम करणाऱ्या एका टीममागे वही घेऊन हिंडत होतो.

ऑगस्टच का? तर उन्हाळ्याच्या दुपारी तिथल्या वाळूवर कुणीच टिकत नाही आणि थंडीत साप बिळात. पावसाचे चार थेंब पडले की रात्री सगळी मंडळी बाहेर. त्यामुळे आमचीही नाइट शिफ्टच! गमबूट, डोक्याला टॉर्च, आणि सगळ्यांत पुढे एक म्हातारे गुराखीकाका.

खरी गंमत पहाटे. वारा सुटायच्या आत काका वाळू वाचायचे. पोतं ओढत नेल्यासारखा जाड पट्टा म्हणजे मांडूळ. एकमेकींना न जोडलेल्या तिरक्या रेघा म्हणजे बांडी, आपलं फुरसं! ते आडवं सरकतं, म्हणून अंगाचा थोडाच भाग वाळूला टेकतो. माझं आजोळ रत्नागिरीचं, फुरसं मला नवं नाही. पण कातळावरचं आमचं फुटभराचं. हे चांगलंच थोराड. आवाज तोच : वेटोळी एकमेकांवर घासून काढलेली खर्रर्र.

साप दिसला की हात लावायचा तो फक्त परवाना असलेल्या दोघांनीच. पारदर्शक नळीत डोकं, मग टेप, वजनकाटा, खवल्यांची मोजणी. विषाचे थेंब घेतले की साप जिथल्या तिथे सोडून द्यायचा. मी नुसता आकडे लिहायचो, एक्सेल शीटवाल्याला तेवढंच जमतं.

एवढा खटाटोप कशाला? तर आपल्याकडचं अँटीव्हेनम बनतं ते मुख्यतः तमिळनाडूत पकडलेल्या सापांच्या विषापासून. आणि जात तीच असली तरी प्रदेश बदलला की विष बदलतं. थरमधल्या फुरशाच्या दंशावर हे औषध पुरेसं पडत नाही, असं बिकानेरच्या डॉक्टरांनी २००७ मध्येच लिहून ठेवलंय. सिंधी मण्यार तर औषध बनवताना धरलेल्या चार सापांत नाहीच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की तिचं विष जबरदस्त जहाल आहे आणि आपलं अँटीव्हेनम त्यापुढे फारच तोकडं.

या मण्यारीला तिकडे ‘पीवणा’ म्हणतात. झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन जाते म्हणे. हसू नका. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि पहाटेपर्यंत श्वास बंद पडतो. लोकांनी जे पाहिलं तेच सांगितलं. काकांचा धाकटा भाऊ असाच गेला. घरात खाट एकच होती.

आठव्या रात्री ती सापडली. काळीभोर, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्या, काकांच्या झोपडीपासून पन्नासेक पावलांवर. काठी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि टॉर्च धरला. विष काढून झाल्यावर विचारलं, ‘‘याचं औषध कधी होणार?’’

‘‘बरीच वर्षं लागतील, काका.’’

काका जरा वेळ गप्प राहिले. मग माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘नीट लिही.’’