हिमाचा जमाखर्च

ज्या घरांत जमाखर्चाची वही नेमानें लिहिली जाते, त्या घरास आपली खरी स्थिति कळते. नुसती पेटी उघडून पाहणाऱ्यास ती कळत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अलीकडे ध्रुवप्रदेशांतील संशोधनाविषयीं वाचीत असतां, ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील हिमाच्या अफाट ठेवीसही हाच न्याय लागू पडतो असें आम्हांस दिसून आलें.

त्या ठेवीची जमा म्हणजे आकाशांतून पडणारें हिम. अंतर्भागांत तें बहुधा वितळत नाहीं; यंदाचा थर गतवर्षाच्या थरावर बसतो व भारानें दडपून कालांतरानें त्याचा घट्ट बर्फ होतो. खर्च होतो तो मुख्यतः कडांशीं, वितळण्यानें व समुद्रांत बर्फाचे कडे तुटून पडण्यानें. जमा मोजण्याची जुनी रीत अगदीं साधी आहे. हिमांत काठ्या रोवावयाच्या व वर्षानें त्यांचा किती भाग बुडाला तें पाहावयाचें. परंतु नवें हिम पिंजलेल्या कापसासारखें हलकें असतें, म्हणून केवळ उंची मोजून भागत नाहीं. खड्डा खणून त्याचें वजन करावें लागतें व त्याचें पाणी किती होईल तें काढावें लागतें. दक्षिण ध्रुवावर वर्षाची ही जमा सुमारें ८ सेंटिमीटर पाण्याइतकी, म्हणजे कोंकणांत आषाढांतील एका दिवसाच्या मुसळधार पावसाएवढीच भरते.

एवढ्याशा मापासाठीं माणसांनीं केवढें मोल दिलें! १९३० सालीं आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाच्या मोहिमेंतील गेओर्गी, सोर्गे व लोव्हे हे तिघे ग्रीनलंडच्या मध्यभागीं हिमांत खोदलेल्या गुहेंत हिवाळाभर राहिले. लोव्हे यांचीं हिमदंशानें गेलेलीं पायांचीं बोटें तेथेंच चाकूनें कापावीं लागलीं. त्या तळावरून परततांना स्वतः वेगेनर व त्यांचे ग्रीनलंडवासी सोबती रासमुस व्हिलुमसेन हे दोघेही मृत्यु पावले. अशा स्थितींत सोर्गे यांनीं सुमारें १५ मीटर खोल विवर खणून त्याच्या भिंतींतील वर्षावर्षाचे थर मोजले.

हा संचय डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु थांबतही नाहीं. १९४२ सालीं ग्रीनलंडच्या हिमावर उतरावें लागलेलें एक अमेरिकन लढाऊ विमान १९९२ सालीं सुमारें ८० मीटर खोलीवरून वर काढण्यांत आलें. भारताचें अंटार्क्टिकावरील पहिलें ठाणें ‘दक्षिण गंगोत्री’ हेंही असेंच हिमांत बुडत गेलें व १९९० सालीं सोडावें लागलें. आज गोव्यांत वास्को येथील राष्ट्रीय संशोधन केंद्रांत तिकडून आणलेले बर्फाचे दंडगोल थंड कोठडींत जपून त्यांचे थर अभ्यासिले जातात.

२००२ सालापासून उपग्रहही गुरुत्वाकर्षणाच्या सूक्ष्म फरकावरून या ठेवींचें वजन करूं लागले, आणि दोन्हींकडे जमेहून खर्च अधिक होत असल्याचें दिसून आलें. ग्रीनलंडचा सर्व बर्फ वितळल्यास समुद्र सुमारें ७ मीटर चढेल. त्यास शतकेंच्या शतकें लागतील हें खरें. परंतु खाडीकांठच्या शेतांत खारें पाणी शिरण्यास तितका चढ नको. उपग्रह केवळ शिल्लक सांगतो. त्यांत जमा किती हें अखेर काठी व खड्डाच सांगतात. एखाद्या वर्षीं हिम भरपूर पडलें म्हणून निश्चिंत होणें, किंवा एका वर्षाच्या तुटीनें हाय खाणें, दोन्ही सारखींच उतावीळपणाचीं होत. अनेक वर्षांच्या ओळी एकाखालीं एक लिहिल्या गेल्या म्हणजेच बेरजेस अर्थ येतो. ओळ लिहिणाऱ्यास ती बेरीज पाहावयास मिळतेच असें नाहीं. ती बहुधा नातवंडांच्या हातीं पडते. तरीही ओळ चुकूं न देणें, यासच आम्ही कर्तव्य समजतों.