शिपायांच्या चिलखतांचं घर

युरोपच्या सहलीत राजेरजवाड्यांची चिलखतं पुष्कळ दिसतात. सोन्याचा मुलामा काय, नक्षी काय! पण साध्या पायदळाच्या शिपायाचं चिलखत पाहिलंय कधी? जुनं झालं की ते बहुतेक ठिकाणी भंगारात गेलं. ते पाहायचं तर ऑस्ट्रियात ग्राझला जायला हवं. व्हिएन्नाहून आगगाडीने सुमारे अडीच तास.

तिथल्या हेरेनगासे या गजबजलेल्या रस्त्यावर १६४२ ते १६४५ च्या दरम्यान बांधलेलं शस्त्रागार आहे. तुर्कांच्या स्वाऱ्यांची धास्ती कायमची, म्हणून स्टायरिया प्रांताने इथे शस्त्रं भरून ठेवली. आज सुमारे ३२,००० वस्तू आहेत. लाकडी तक्तपोशीचे मजले आणि भांड्यांच्या मांडणीवर ताटं लावावीत तशी ओळीने लावलेली चिलखतं!

लांब भालेवाल्या शिपायाला लोखंडी टोप, गळपट्टा, छातीचा आणि पाठीचा पत्रा. मांड्यांवरच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, म्हणजे वाकता यावं. बंदूकवाल्यांना मात्र एवढं ओझं बहुधा नसेच.

पुष्कळशी चिलखतं काळीच आहेत, आपल्या तव्यासारखी. घासून लखलखीत करायला पैसे पडत, आणि काळ्या पृष्ठभागाला गंजही कमी चढे. गरिबाच्या मालाला चकाकी कोण देणार म्हणा!

काही छातीपत्र्यांवर एक पोचा दिसतो. लढाईतला वाटतो ना? नाही बरं का! कारागीर स्वतःच गोळी झाडून पत्रा पारखीत. आरपार गेली नाही की माल पसंत. गोळीची ती खूण मुद्दाम तशीच ठेवायची. आपण मडकं वाजवून घेतो, तसंच हे. फरक एवढाच, की इथे एका आईच्या लेकाचा जीव त्या पत्र्यावर अवलंबून असे.

हे सारं १७४९ मध्ये मोडीत निघणार होतं. सम्राज्ञी मारिया तेरेसा, सोळा मुलांची आई, तिने सैन्याची नवी घडी बसवायला घेतली होती. जुनी शस्त्रागारं तिला नको होती. पण स्टायरियाच्या प्रतिनिधींनी विनंती केली, की आमच्या माणसांच्या शौर्याची आठवण म्हणून एवढं राहू द्या. तिने ऐकलं!

गेलात तर एक पथ्य पाळा. मुलांचे हात धरून ठेवा. बोटाचा घाम लागला तरी लोखंडाला गंज धरतो.