आमच्या मोटारीचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार होतो, नदीच्या घाटाचा होतो, फार झाले तर एखाद्या जुन्या ग्रंथालयाचा होतो. परंतु मोटारगाडीचा जीर्णोद्धार हा प्रयोग आमच्या कानास प्रथम खटकला. तो आमच्या पुतण्याचा. २०२४ च्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी तो वाड्याच्या चौकात उभा राहून म्हणाला, "काका, बाबांच्या फियाटचा जीर्णोद्धार करायचा." शब्द योग्य की अयोग्य ह्याचा आम्ही विचार करीत आहो तोच त्याने गाडीवरील ताडपत्री ओढून काढली, आणि जे दृष्टीस पडले त्यावरून शब्द यथार्थ आहे असे कबूल करणे आम्हांस भाग पडले.

ही गाडी आमच्या तीर्थरूपांनी नाव नोंदवून, पुष्कळ वर्षे वाट पाहून, १९७६ साली घेतली. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. मूळ घाट इटलीतील फियाट ११०० चा. इकडे १९६४ साली तिला 'डिलाइट' म्हणू लागले आणि १९७४ साली 'पद्मिनी' हे नाव मिळाले. लोकांनी मात्र ती सदैव फियाटच मानली. २००० सालच्या सुमारास हिचे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. तात्पर्य, आता हिचा पत्रा कोणताही कारखाना करून देणार नाही.

आमचे वडीलबंधू, ज्यांस घरात सर्व जण दादा म्हणत, २०१८ च्या शेवटी निवर्तले. तेव्हापासून गाडी चौकातील पारिजातकाखाली उभी होती. सहा पावसाळे तिने तेथे काढले. पारिजातकाची जी फुले देवावर वाहिली जातात त्यांचे भाग्य निराळे. जी काचेखालच्या पन्हळीत पडून कुजतात ती पत्र्यास विषवत् होत. मोटारीच्या दाराच्या तळाशी बारीक छिद्रे असतात. काचेच्या फटीतून आत उतरणारे पाणी त्या वाटेने बाहेर जावे अशी योजना असते. ती छिद्रे मातीने व फुलांच्या चिखलाने बुजली म्हणजे दाराचा हौद होतो, आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेर रंगावर फोड दिसू लागतो तेव्हा आत जाळी झालेली असते. आत पायांखालच्या रबरी चटईच्या बुडाशी जो जाड थर असतो तो भिजला की महिनोन्महिने वाळत नाही. पुतण्याने तेथे स्क्रू-ड्रायव्हर सहज टोचला, तो आरपार जाऊन खाली चौकाच्या फरशीस लागला.

एवढ्यावर भागते तरी बरे होते. ह्या गाडीस बैलगाडीच्या साटीप्रमाणे निराळा सांगाडा नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा, आणि दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या ह्या तिच्या मुख्य तुळया. डाव्या बाजूची पेटी निम्मी गेली होती. ती कापून नवी घालावयाची तर आधी दारांच्या चौकटींत लोखंडी आडवे दांडे डागून घ्यावे लागतात, आणि एका वेळी एकच बाजू कापावयाची असते. नाहीतर मधला आधार नाहीसा होऊन गाडी कमरेत वाकते व पुन्हा जन्मात दारे नीट मिटत नाहीत. जुन्या वाड्याची भिंत उतरविताना माळ्यास टेकू देतात तोच हा न्याय. पेटी व तळ मिस्त्रीने साध्या पत्र्याची घडी घालून घरीच केली, कारण ती सरळ रेषांची कामे. अडचण पडली ती वळणदार पत्र्यांची.

त्यासाठी आम्ही नाना पेठेतील दुकाने हिंडलो आणि मंगळवारातल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारच्या खेपा घातल्या. ह्या व्यापाराची परिभाषा आम्ही उतारवयात शिकलो. 'कंपनीचा' म्हणजे कारखान्यातून आलेला व न वापरता पडून राहिलेला. तो सोन्याच्या भावाने मिळतो, आणि पुष्कळदा मिळतच नाही. 'सेकंड' म्हणजे दुसऱ्या गाडीवरून उतरविलेला. 'डुप्लिकेट' म्हणजे कोणीतरी साच्यावर ठोकून केलेला. डुप्लिकेट पुढचे मडगार्ड आम्ही मोठ्या हौसेने आणले. दिसण्यात ते नवरदेवासारखे होते. पण गाडीस लावून पाहिले तो भोकास भोक मिळेना, दिव्याच्या कडेशी बोटभर फट राहिली, आणि कडेचे जे वळण आंब्याच्या गालासारखे भरीव हवे ते सपाट होते. ते परत करावयास गेलो तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, "मास्तर, ठोकून बसवायचं असतं ते." ह्या अनुभवानंतर आम्ही एक नियम केला: पत्रा गाडीवर धरून पाहिल्यावाचून पैसे द्यावयाचे नाहीत, आणि चारी कडा जुळल्यावाचून डाग लावावयाचा नाही.

दाराचा शोध पुतण्याने कुर्ल्याच्या भंगार बाजारात लावला. तेथेही सावध असावे लागते. जुन्या डिलाइटच्या पुढल्या दारांच्या बिजागऱ्या मागल्या बाजूस असत, ती दारे उलटी उघडत, आणि आमच्या गाडीस ती निरुपयोगी. मिळालेले दार घरी आणून रंग खरवडला तेव्हा निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली करडा, आणि सर्वांच्या बुडाशी काळा व पिवळा असे दोन रंग निघाले. टॅक्सीचे दार! मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २००८ साली २५ वर्षांची व २०१३ साली २० वर्षांची झाली, तेव्हा हजारो गाड्या मोडीत निघाल्या. त्यांतलेच हे एक असावे. आमच्या वहिनींस ते रुचले नाही. "कोणकोण बसलं असेल तीत," असे त्या म्हणाल्या. पुतण्या म्हणाला, "आई, अगं दवाखान्यात निघालेली बाळंतीण बसली असेल." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मात्र दार बसविले त्या दिवशी त्यास हळदकुंकू लावलेले आम्ही पाहिले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहावयास बसलो तिकडे वळतो.

जुन्या गाडीच्या अंगात पत्रा किती व भराव किती हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. लहानसे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून अंगावरून फिरवीत जावे. पत्रा असेल तेथे ते धरते. लांबी, म्हणजे रंगाऱ्याचा भराव, जाड असेल तेथे सुटते. शाळेत मुलांस चुंबक दाखविण्यात आमची हयात गेल्यामुळे हे काम साहजिकच आमच्याकडे आले. टप, बॉनेट, डिकी सर्व उत्तम. डाव्या अंगाच्या मागच्या मडगार्डावर चाकाच्या कमानीपासून वीतभर अंतरावर चुंबक आमच्या हातातून गळून खाली पडले. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. त्या वर न पाहताच म्हणाल्या, "तिथे ह्यांनी ठोकली होती एकदा. लग्न झालं त्या वर्षी. मामंजी किती बोलले होते!"

वाचकहो, ती गाडी दादांनी ठोकली नव्हती. १९८० च्या आषाढात, तीर्थरूप व दादा दोघेही बाहेरगावी असता, किल्ली खुंटीवरून काढून आम्ही गाडी बाहेर नेली होती. आम्हांस चालविता जेमतेम येत होते. परत येताना दिंडीच्या बाजूचा दगड मागच्या मडगार्डात घुसला. दुसऱ्या दिवशी तीर्थरूपांनी विचारले तेव्हा आम्ही मागच्या सोप्यात होतो, आणि दादा पुढे होऊन म्हणाले, "माझ्याकडून लागली." का, हे त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. किल्ली वर्षभर तीर्थरूपांच्या कडोसरीस गेली. मडगार्ड एका गॅरेजात लांबी थापून गुळगुळीत करून आणले, आणि तो विषय त्या लांबीखाली गेला.

पुतण्याचे म्हणणे पडले की मडगार्ड कापून टॅक्सीचे घालावे. पाठीमागचे मडगार्ड अंगाशी एकजीव असते. कापल्यावाचून निघत नाही. हे ऐकून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, हायसे वाटले. तो तुकडा भंगारात गेला म्हणजे प्रश्न मिटला. परंतु मिस्त्रीने लांबी छिनीने उडविली, खाली जवळपास अर्धा इंच थर निघाला, आणि त्याखालचा पत्रा पाहून तो म्हणाला, "मास्तर, पत्रा जिवंत आहे. कापू नका. मी काढतो."

त्या मिस्त्रीचे काम पाहणे हा आमचा पुढील चार दिवसांचा उद्योग झाला. तांबट आळीतील ठोके आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेथे भांडे मठारतात ते ठोक्याची खूण उमटावी म्हणून. ह्याचे सर्व कौशल्य खूण न उरण्यात. आतून लोखंडाची ठोकळी धरावयाची, बाहेरून हलकी हातोडी, आणि मधूनमधून तळव्याखाली फडके घेऊन हात फिरवावयाचा. उघड्या हातापेक्षा फडक्याखालच्या हातास उंचसखल अधिक कळते, असे तो म्हणाला, आणि आम्ही करून पाहिले तर ते खरे ठरले. पोच्याच्या मधोमध, जेथे खळगा सर्वांत खोल, तेथे त्याने प्रथम हातही लावला नाही. आधी कडेच्या बारीक सुरकुत्या उठविल्या. कारण विचारता म्हणाला, "जी मार शेवटी लागली ती आधी निघायला पाहिजे. मधली पहिली लागलेली, ती शेवटी." भास्कराचार्यांच्या लीलावतीतील विलोमविधी तो हाच: उत्तरापासून उलट निघावे, शेवटची क्रिया प्रथम फेडावी. आम्ही तो विधी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकविला. पत्र्यावर चाललेला त्या दिवशी प्रथम पाहिला.

सुरकुत्या उठत गेल्या तसतसा दगडाचा कोपरा पत्र्यात स्पष्ट दिसू लागला. दिंडीपाशी तो दगड अद्याप आहे. पुतण्याने पत्रा पाहिला, मग दगड पाहिला, आणि म्हणाला, "बाबा असे कसे चुकले? ते तर ह्या दिंडीतून डोळे मिटून गाडी काढायचे." आम्ही उत्तर दिले नाही.

त्या सायंकाळी दिवेलागणीनंतर आम्ही वहिनींस सर्व सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावोजी, माझी पहिली मंगळागौर होती. वाईला गाडीनं जायचं ठरलं होतं. आम्ही एस. टी.नं गेलो. खंबाटकीच्या घाटात मला गाडी लागली. ह्यांनी सबंध वाटेत शब्द काढला नाही, आणि मला वाटलं माझ्यावरच रागावलेत." थोड्या वेळाने पुन्हा, "सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. मला आता सांगता?" आम्हांस काही उत्तर सुचले नाही. दोन दिवस आमचे ताट वाढताना त्यांनी "भाजी वाढू?" एवढेच विचारले.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री मधल्या खळग्याशी आला. तेथे पत्रा ताणला गेला होता. दाबला की आत जाई व डबदिशी परत येई. अशा ठिकाणी गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करून भोवती हलके ठोकतात व लगेच ओले फडके लावतात, म्हणजे पत्रा आकसतो. असे पाच-सहा ठिपके त्याने दिले. मग कानस पालथी फिरविली: उंचवटे चकाकतात, खळगे काळे राहतात. अखेरीस हाताच्या तळव्याएवढी एक जागा किंचित् काळी राहिली. आणखी तापविला तर पत्रा कडक होईल, असे सांगून त्याने हातोडी खाली ठेवली. पुतण्या म्हणाला की वर लांबीचा हात द्यावा, मग काही दिसणार नाही. वहिनी तेथेच उभ्या होत्या. त्यांनी त्या जागेवरून बोटे फिरविली आणि मिस्त्रीस विचारले, "असंच रंगवलं तर चालेल का?" तो म्हणाला, "चालेल. तिरप्या उन्हात दिसेल तेवढं." "दिसू दे," असे म्हणून त्या घरात गेल्या.

रंग फाल्गुनात झाला. २०२६ साली गाडीस ५० वर्षे होतात, आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तेवढ्या जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करिता येते, हे पुतण्याने शोधून काढले होते. परंतु तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शने, व्हिंटेज गाड्यांच्या रॅली, दुरुस्ती अशी कारणे सोडून रोजच्या रस्त्यावर काढता येत नाही, हे कळताच वहिनींनी तो बेत मोडून काढला. त्यांना श्रावणात वाईस जावयाचे होते. त्या गेल्या, गाडी पुतण्याने चालविली, आम्ही मागे बसलो होतो.

डाव्या मागच्या दाराची मूठ मात्र मूळची अद्याप मिळालेली नाही. सध्या आहे ती डुप्लिकेट असून पावसात अडकते. कोणा वाचकाच्या वाड्यात अडगळीत ती पडली असल्यास आम्ही योग्य किंमत देऊन घेऊ. तोपर्यंत रविवारच्या जुन्या बाजाराच्या खेपा चालूच आहेत.