पोत्याचे वजन आणि वाढीची मर्यादा

पृथ्वीवरील साधनसंपत्ती मर्यादित असताना उत्पादन आणि उपभोग अखंड वाढत राहू शकत नाहीत, हा विचार १९७२ च्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालाने जगभर पोचवला. पुढे आकाराला आलेली ‘डीग्रोथ’ ही विचारधारा सांगते की, श्रीमंत समाजांनी ऊर्जेचा आणि कच्च्या मालाचा वापर लोकशाही मार्गाने, ठरवून घटवावा आणि तसे करताना कोणाचेही जगणे उघड्यावर पडू देऊ नये. मंदी मात्र कोणी ठरवून आणत नाही आणि तिचा पहिला फटका दुबळ्यालाच बसतो. म्हणून या दोहोंची गल्लत करणे अन्यायाचे आहे.

समाज मर्यादा स्वीकारतो तरी कसा, हे शोधणाऱ्याने पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार बाजार पाहावा. ट्रकला पाठ लावून, मान खाली घालून, क्विंटलभराचे पोते पाठीवर घेत हमालांच्या पिढ्या खपल्या; त्यांचे मणके आणि गुडघे चाळिशीतच निकामी होत. पोते ५० किलोंचेच असावे, ही मागणी डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने आणि इतर हमाल संघटनांनी लावून धरली. ओझे कमी करण्याची ही मागणी ओझे वाहणाऱ्यांकडूनच आली, ही बाब अभ्यासकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

ही मागणी करणाऱ्या हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार होता. या कायद्यान्वये व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्केवारीची जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा मिळतात. पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ या स्वस्त जेवणाच्या केंद्राने कष्टकऱ्याच्या ताटाची नफ्यापासून फारकत केली.

तरीही एक गाठ सुटलेली नाही आणि डीग्रोथच्या संशोधनाने खरे तर तिथेच थांबून खोल पाहिले पाहिजे. हमाली पोत्यामागे मोजली जाते आणि लेव्ही हमालीवर आकारली जाते, त्यामुळे यार्डात माल कमी उतरला की हमालाची मिळकत आणि त्याची म्हातारपणाची तरतूद, दोन्ही घटतात. मालाची उलाढाल कमी झाली तरी हमालाच्या घरची चूल पेटती राहील, इतके उत्पन्न कोणत्या निधीतून द्यायचे आणि तो निधी आडत्याने, ग्राहकाने की सरकारने भरायचा, याचे उत्तर पोत्याचे वजन ठरवण्याइतकेच काटेकोरपणे, हमालांना बरोबर घेऊन, शोधावे लागेल.